खंडूची काठी

आमच्याकडे खंडू आला तो पुरात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते दिवस बडोदेकरांना वेगळे सांगायला नकोत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, वीज नाही, मोबाइल एकेक करून बंद पडलेले, आणि 'अमुक गल्लीत मगर दिसली' अशी तासातासाला नवी बातमी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पहिल्या वळणावर एक तांबूस रंगाचं, भिजून चिंब झालेलं पिल्लू आबांना दिसलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी त्याला पंच्यात गुंडाळून वर आणलं आणि आईला म्हणाले, "पाणी ओसरलं की सोडून देऊ."

पाणी ओसरलं. पिल्लू राहिलं. नावही आबांनीच ठेवलं. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, आणि खंडेराव मार्केटच्या गावात 'खंडू' म्हणून हाक मारली तर कुणाला नवल वाटणार नाही, असा त्यांचा हिशोब.

आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तेव्हापासून आबा घराबाहेर पडेनासे झाले होते. पेपर, टीव्ही, जेवण, झोप. बाबा रोज संध्याकाळी 'चला, एक चक्कर मारून येऊ' म्हणायचे आणि आबा 'उद्या बघू' म्हणायचे. खंडू आला आणि हे आपोआप बदललं, कारण कुत्र्याला 'उद्या बघू' चालत नाही. सकाळी साडेसहाला दोघं दाराशी हजर. सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, कडेने कडुनिंबाची झाडं. तिथे आबा पडलेली एखादी फांदी उचलायचे, तिचे फाटे मोडून सरळ काठी करायचे आणि भिरकावायचे. खंडू वाऱ्यासारखा धावत जाऊन ती घेऊन यायचा. असं वीस-पंचवीस वेळा. आबा लहानपणी प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठी शिकलेले. वय ७९, पण मनगट अजून शाबूत. त्यांची काठी हवेत सरळ जायची नाही, गोल गोल फिरत जायची. ते बघायला शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलंही थांबायची.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं नुकतीच आटोपली होती, तेव्हाची गोष्ट. माळ्याने आदल्या संध्याकाळी झाडांना पाणी सोडलं होतं, त्यामुळे कडेची माती मऊ होती. आबांनी फेकलेली काठी एका टोकाने मातीत रुतली आणि दुसरं टोक वर राहिलं. खंडू पूर्ण वेगात, तोंड उघडं ठेवून तिच्यावर गेला. आबा म्हणतात, तो ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला आणि तोंडातून रक्त यायला लागलं.

मी तेव्हा चहा करत होते. आबा खंडूला उचलून तीन मजले चढून आले होते. त्यांच्या सदऱ्यावरचं रक्त बघून आधी मला वाटलं, त्यांनाच काहीतरी झालं.

डॉक्टरांनी भूल देऊन जिभेच्या मागे रुतलेली जवळजवळ बोटभर लांबीची लाकडाची चीर काढली. टाके घातले. मग बाहेर येऊन त्यांनी आबांना समजावलं, आणि ते मीही नीट ऐकून ठेवलं, कारण मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काठीने होणारी जखम बाहेरून दिसते त्यापेक्षा आत खोल असते. घसा, टाळू, जिभेखालची जागा, कधी थेट अन्ननलिका. लाकडाची बारीक कुसं एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. एखादं आत राहून गेलं तर कित्येक आठवड्यांनी तिथे पू होतो आणि मालकाला त्या जुन्या काठीची आठवणही नसते. काठी फेकायची सवय जगभर आहे, आणि जगभरचे पशुवैद्य 'फेकू नका' असं सांगून थकलेत. शेवटी डॉक्टर आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, हवे लाकडी बंध."

खंडू दोन आठवड्यांत बरा झाला. आबा झाले नाहीत. "माझ्याच हाताने झालं," एवढंच म्हणायचे. सकाळी खंडूला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. आबांचे कॅनव्हासचे बूट रॅकमध्ये तसेच राहिले. पेपर, टीव्ही, जेवण, झोप.

मला वाटलं, सोपं आहे, नवी खेळणी आणू. ऑनलाइन मागवली: कडक लाल रबराचा चेंडू, दाबल्यावर चूं चूं करणारं बदक, सुती दोरखंडाचं गाठोडं, आणि प्लास्टिकचं हाड. पार्सल फोडून सगळी ओळीने जमिनीवर मांडली. खंडूने प्रत्येकाचा वास घेतला, बदकाला पायाने एकदा उलटवलं, आणि डायनिंग टेबलाखाली जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर लाल चेंडू फेकला. तो धावला, गवतात इकडेतिकडे केलं आणि परत आला. तोंडात कडुनिंबाची काटकी.

आबा गॅलरीतून बघत होते. मी वर आले तेव्हा म्हणाले, "त्याला नको असेल तर नको. कशाला त्याच्या मागे लागतेस?"

मला राग आला. खंडूचा नाही, आबांचाही नाही. त्या लाल चेंडूचा आला बहुधा. मग मी वाचायला बसले.

पहिली गोष्ट कळली ती रंगाची. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो. लाल त्याला मळकट, काळपट दिसतो, आणि गवतात तर तो मिसळूनच जातो. म्हणजे मी ज्या चेंडूला 'लांबूनही दिसेल' म्हणून निवडलं, तो खंडूला दिसतच नव्हता. आपल्याकडे डिसेंबरपासून गवत वाळून पिवळं पडतं, त्यामुळे पिवळाही फारसा उपयोगाचा नाही. निळा हवा. पावसाळ्यात हिरवळीवरही निळा चालतो. खेळणी बनवणाऱ्या कंपन्या लाल-केशरी इतका का वापरतात? कारण विकत घेणारे आपण असतो.

दुसरी गोष्ट जरा गमतीची. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ कुत्र्यांपुढे तीन-तीन खेळणी ठेवून पाहिलं. दोन ओळखीची, एक नवं. ५० पैकी ३८ वेळा कुत्र्यांनी आधी नवंच उचललं. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. वाचून मी खंडूकडे संशयाने बघितलं. मग हा असा का? त्याचं उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात होतं. तिथे १६ लॅब्रॅडॉरना एकच खेळणं थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दिलं. सगळे लवकरच कंटाळले. पण तशाच खेळण्याचा रंग किंवा वास बदलून दिला की पुन्हा तुटून पडले, आणि पुन्हा थोड्याच वेळात कंटाळले. म्हणजे नवेपणाची ओढ असते, पण ती काही मिनिटांची. तेवढ्या मिनिटांत त्या वस्तूत काही घडलं नाही तर ती मेलेली वस्तू. मी चार खेळणी एकदम मांडून चारही मारली होती.

आणि काठी? काठी रोज नवी असते. वेगळ्या फांदीची, वेगळ्या वासाची, चावली की तुटणारी, सालं निघणारी. कुत्र्याला जे फाडता येतं, सोलता येतं, त्याची ओढ जास्त. वर ती आबांच्या हातातून आलेली. माझ्या लाल चेंडूला कारखान्यातल्या रबराचा वास होता आणि तो माझ्या हातून आला होता. खंडूच्या लेखी मी जेवण देणारी, लस टोचायला नेणारी. खेळणारे आबा.

वाचता वाचता एका अमेरिकन माणसाची हकिगत सापडली. कोलोरॅडोतला जो मार्कहॅम. त्याच्याकडे फ्रिट्झ नावाचा, पोलिसांतून निवृत्त झालेला जर्मन शेफर्ड होता. फ्रिट्झला दगड चावायची सवय होती, दात झिजत चालले होते. मालकाने काय काय देऊन पाहिलं, फ्रिट्झ दगड सोडेना. एकदा मार्कहॅम आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होता. फ्रिट्झ शेजारी दगड चघळत बसलेला. वैतागून त्याने सुटे भाग एकेक करून कुत्र्याकडे फेकले. त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झला इतका आवडला की त्याने दगड टाकून दिला. तो तुकडा वेडावाकडा होता, त्यामुळे जमिनीवर आपटून कुठेही उडायचा. त्याच आकाराचं खेळणं करून मार्कहॅमने १९७६ मध्ये 'काँग' ही कंपनी काढली, आणि ते आतून पोकळ रबरी खेळणं आज आपल्याकडच्या दुकानांतही मिळतं.

ही गोष्ट मी आबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे दगडाला जे जमत नव्हतं ते त्या रबराला जमलं. उडायला." आणि पुन्हा पेपरमध्ये डोकं घातलं. पण मला धागा मिळाला. खंडूला लाकूड हवं आहे असं नाही. काठी जे जे करते ते त्याला हवं आहे: गोल फिरत जाणं, तोंडात आडवी बसणं, आबांच्या हाताचा वास.

मग मी काठीच्याच आकाराचं एक खेळणं शोधलं. मऊ रबराचं, हातभर लांब, दोन्ही टोकं गोल आणि जाड, रंग निळा. अशी मिळतात. घेताना काय पाहायचं तेही तोपर्यंत कळलं होतं. अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नख उमटत नसेल इतकं कडक असेल तर ते दातांनाही कडक, दात तुटू शकतो. माझं प्लास्टिकचं हाड या परीक्षेत नापास. चेंडू घ्यायचा तर तोंडात मागे सरकणार नाही एवढा मोठा. आपल्या गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल साधारण पावणेसात सेंटिमीटरचा असतो. मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात तो दाबला जाऊन घशाशी अडकू शकतो. शिवाय त्याच्यावरची लोकर धूळ-वाळू धरून ठेवते आणि रोज चावला तर सॅंडपेपरसारखे दात घासते. एखाद वेळी फेकला तर आकाश कोसळत नाही, पण दिवसभर चघळायला द्यायची ती वस्तू नव्हे. चूं चूं करणाऱ्या बदकाच्या पोटातली शिट्टी कुत्रे फाडून गिळतात. दोरखंडाचे सुटे धागे पोटात गेले तर आतडी गोळा करतात, त्यामुळे ते खेळणं आपण समोर असतानाच, खेळ संपला की कपाटात.

(याच यादीत दोन घरगुती गोष्टी घाला. आंब्याची कोय आणि दाणे खाऊन झालेलं मक्याचं कणीस. रसाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात लहान मुलं गंमत म्हणून कुत्र्यापुढे टाकतात. दोन्ही आतड्यात अडकतात आणि ऑपरेशनवर जातात.)

निळी काठी आली. या वेळी मी ती खंडूला दाखवलीच नाही. साबणाने धुतली, वाळवली आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर एका डब्यात तीन दिवस बंद करून ठेवली. साधे भाजलेले, भरूचची खारी शिंग नाही. मीठ कुत्र्यांना नको. परदेशी सल्ल्यांत पीनट बटर चोपडायला सांगतात, पण साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं पीनट बटर कुत्र्यांना विषारी असतं. डबीवरची बारीक अक्षरं वाचण्यापेक्षा आपले दाणे बरे.

चौथ्या दिवशी मी आबांचा जुना पंचा मागितला.

"कशाला?"

"खंडूसाठी."

त्यांनी काही न विचारता खांद्यावरचाच काढून दिला. मी तो काठीच्या मधोमध घट्ट बांधला आणि एक लांब शेपूट ठेवलं. आमच्या फ्लॅटच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत एक अरुंद पॅसेज आहे. तिथे मी ते शेपूट धरून काठी जमिनीवरून फरफटत नेऊ लागले. खंडू बघत राहिला, उठला नाही.

मी चुकत होते ते असं: मी ती त्याच्याकडे नेत होते. कुठलाही उंदीर मांजराकडे चालत येत नाही. शिकार पळते, थांबते, कोपऱ्याआड जाते. मी दोन-तीनदा तसं केलं. खंडूचे कान उभे राहिले. पण माझा हात फारच सरळसोट असावा, कारण खोलीतून आबांचा आवाज आला.

"असं नाही. मनगटातून."

"म्हणजे कसं?"

"अगं, सगळा हात कशाला हलवतेस? झाडू मारतेयस का?"

ते उठले. पंच्याचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि मनगट नुसतं असं वळवलं. काठी जमिनीवर सापासारखी सळसळली, थांबली, एकदम उलटी फिरली. खंडू टेबलाखालून बाहेर आला तो थेट तिच्यावर झेपावला. एक टोक त्याच्या दातांत, दुसरं आबांच्या हातात. दोन मिनिटं नुसती खेचाखेची. आबा हसत होते की धापा टाकत होते ते सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं आणि 'बास' म्हणाले.

"आत्ता तर सुरू झालंय!"

"म्हणूनच बास."

हा नियम मी सगळ्या वाचनातून सर्वांत घट्ट धरून ठेवला होता. पंगतीत अजून एक जिलेबी हवीशी वाटत असतानाच उठावं. खेळणं कंटाळा येण्याआधी उचलायचं आणि त्याच्यासमोर कपाटात ठेवायचं. खंडू कपाटापुढे दहा मिनिटं बसून राहिला. आबा सोफ्यावर, तेही कपाटाकडे बघत.

पुढचा महिनाभर आम्ही प्लॉटवर खेळायला गेलोच नाही. तिथे पावलोपावली काटक्या, आणि काटकीच्या शेजारी निळं रबर पहिल्या दिवसांत हरणारच. खेळ पॅसेजमध्ये. सकाळी तीन मिनिटं, संध्याकाळी तीन मिनिटं. पॅसेजचा एक मोठा फायदा लक्षात आला: खेळणं पकडल्यावर कुत्र्याला जायला जागा एकच, आपल्याकडे. आणून देणं हे त्याला शिकवावंच लागलं नाही. सोडणं मात्र शिकवावं लागलं. त्यासाठी अगदी तश्शीच दुसरी निळी काठी आणली. तोंडातली सोडली की दुसरी लगेच पळू लागायची. 'सोड' म्हणायचं, भाकरीचा बोटभर तुकडा द्यायचा, दुसरी फेकायची. आपण हातातून ओढून घ्यायला गेलो की त्याला वाटतं, आता हिसकावण्याचा खेळ सुरू झाला, आणि मग तो जन्मात सोडत नाही. भाकरीचे तुकडे आई करून ठेवायची. तिचं म्हणणं, घरात मऊ भाकरी फक्त कुत्र्यालाच मिळते.

पंच्याचं शेपूट मी दर चार दिवसांनी थोडं कापत गेले. आधी वीतभर, मग बोटभर, मग नुसती गाठ. शेवटी गाठही काढली. कापड राहिलं तर तो फाडून गिळणार ही भीती होतीच. तोपर्यंत काठीलाच आबांच्या हाताचा वास लागला होता, त्यामुळे खंडूला फरक पडला नाही. फरक पडला तो आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा. मोकळी जागा बघून साहेब काठी तोंडात घेऊन लांब कोपऱ्यात जाऊन बसले आणि चघळू लागले. आबांनी हाका मारल्या, मी हाका मारल्या. मग आबा पाठ फिरवून जिन्याकडे चालू लागले, दुसरी काठी पायाशी नाचवत. दोन सेकंदांत खंडू मागे.

गच्चीवरची ही मौज उत्तरायणापर्यंतच टिकली. बडोद्यात राहून १४ जानेवारीला कुत्र्याला गच्चीवर नेणं म्हणजे वेडेपणा. ढोल, भोंगे आणि सगळीकडे मांजा. वासी उत्तरायण संपलं तरी पुढचा आठवडाभर तुटलेला मांजा झाडांवर, गवतात, गटारीच्या जाळीवर लोंबत असतो. काच लावलेला तो दोरा पंज्यात गुंतला तर कापतो आणि पोटात गेला तर त्याहून वाईट. खंडू घरात बसला. आबा मात्र एक पिशवी घेऊन खाली उतरले आणि प्लॉटवरचा मांजा गोळा करू लागले. आजी गेल्यानंतर ते स्वतःहून, कुणी न ओढता, पहिल्यांदा खाली गेले ते त्या दिवशी. सोसायटीतली चार-पाच मुलंही लागली. पिशवी गच्च भरली. ते वर आले तेव्हा मी रॅककडे बघितलं. कॅनव्हासचे बूट जागेवर नव्हते, त्यांच्या पायात होते.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. मी पंधरा फुटांची दोरी खंडूच्या पट्ट्याला बांधली होती. आबांनी काठी हातात घेतली आणि फेकेनात.

"तू फेक," म्हणाले.

"तुमच्या हातची गोल फिरते. माझी नाही फिरत."

"परत लागली तर?"

मी निळी काठी त्यांच्या हातातून घेतली, दुमडली आणि सोडली. ती पुन्हा सरळ झाली. टोक माझ्या तळहातावर जोरात टोचून दाखवलं. त्यांनी स्वतःही टोचून बघितलं. मग खाली वाकून माती पायाने दाबून बघितली, कुठे मऊ आहे का. मग फेकली. अगदी जवळ, आठ-दहा फुटांवर.

खंडू गेला, वास घेतला, उचलली, आणि परत येता येता मध्येच थांबला. शेजारी कडुनिंबाची एक छान वाळकी फांदी पडली होती. त्याने निळी खाली टाकली आणि फांदी उचलली. आबांचा चेहरा पडला. मी आधीच सांगून ठेवलं होतं की ओरडायचं नाही. ओरडलं तर फांदी आणखी मोलाची होते. आबांनी दुसरी निळी काठी काढली आणि मनगटातून जमिनीवर सळसळवली. खंडूने क्षणभर विचार केला. कुत्रे विचार करतात तेव्हा शेपूट मध्येच थांबते, बघा कधी. मग फांदी टाकून तो निळीकडे आला.

त्या दिवशी सहा वेळा फेकली. पुढच्या आठवड्यात दहा. फेब्रुवारीत दोरी काढली.

आता उन्हाळा आहे. खेळ सकाळी साडेसहाच्या आत आटोपतो. सात वाजले की हवा तापते, आणि कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तो दमला म्हणून नाही, अंग थंड करायला त्याच्याजवळ तेच मुख्य साधन आहे म्हणून. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही नाही. पुण्याहून दादा व्हिडिओ पाठवतो, कुठल्याशा तळ्यात कुत्रे उड्या मारून खेळणं आणतात त्याचे. 'असं करा, गारवाही मिळेल.' आबांनी त्याला फोनवर विचारलं, विश्वामित्रीत मगरी आहेत हे तुम्ही पुण्याला गेल्यावर विसरता का?

कपाटात आता चार खेळणी आहेत: दोन निळ्या काठ्या, एक पोकळ रबरी, एक मोठा पिवळा चेंडू. एका वेळी एकच बाहेर, आळीपाळीने. दुपारी पोकळ खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवून देतो, की तासभर शांतता. आबांची तक्रार एकच आहे: रबर हवेत काठीइतकं जात नाही, वाऱ्याला दबतं. मागच्या रविवारी त्यांनी मुलांना बोलावून मनगट कसं वळवायचं ते दाखवलं, आणि बसची वाट पाहणारी पोरं आता आळीपाळीने निळी काठी फेकतात. खंडूला कुणाचीही चालते.

कडुनिंबाची काटकी तो अजूनही आणतो, आठवड्यातून एखाद वेळी, मान उंच करून. आबा त्याला 'शाब्बास' म्हणतात, भाकरीचा तुकडा देतात, आणि काटकी हळूच पिशवीत टाकून घरी आणतात, पुन्हा प्लॉटवर पडायला नको म्हणून. गॅलरीत त्यांचा ढीग झाला होता. परवा आईने त्यांतल्या चार सरळ बघून कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपांना आधार दिला.